आधी पट्टा, मग सुई

बाईंच्या वहीत माझं नाव ‘मंगळवार’ होतं. शाळेची चौकटीची वही, त्यात आठवड्याचे रकाने आखलेले आणि रकान्यांत बारीक खुणा. नाव कुणाचंच नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, वही हरवलीच तर सापडेल त्याला वार कळतील, माणसं कळणार नाहीत. वसईत हरवलेली वही चार घरांत वाचली जाऊन मगच परत येते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण त्यांच्याबरोबर राहायची. तिलाही आमची नावं सांगितलेली नव्हती. मी फाटक उघडलं की ती ओट्यावरून आत ओरडायची, "मंगळवार आली."

बाई मनाची दुखणी ऐकायच्या. दारावर पाटी नव्हती. मुंबईच्या एका इस्पितळात त्यांनी हयातभर हेच काम केलं. निवृत्त झाल्यावर गावातल्या घरी परतल्या आणि मागच्या वाडीतल्या खोलीत लोकांना बसवू लागल्या. त्या खोलीत पूर्वी केळी पिकत घालायचे. केळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वास गेला नव्हता. मला अजूनही पिकल्या केळ्यांचा वास आला की कुणीतरी आपल्याला अडचणीचा प्रश्न विचारणार असं वाटतं.

मी कशासाठी गेले ते एकदा सांगून टाकते. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते. नालासोपाऱ्यात आचोळ्याला राहते, सकाळी सहाला स्कूटर काढते आणि दहाच्या आत घरी येते. आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती, त्यातली चार अंथरुणावर. तिला रोज अकराला मऊ भात लागायचा, तूप-जिरं घालून, चमच्याने भरवता येईल इतका सैल. आई गेली. तेरावा झाला, माणसं आपापल्या घरी गेली. चौदाव्या दिवशी पावणेअकराला मी मऊ भात लावला. सवयीने लावला, असं मीच म्हटलं. पंधराव्या दिवशी परत लावला. असे आठ महिने लावला.

मला बाकी काही होत नव्हतं. झोप लागत होती, रडू येत नव्हतं, एकही घर चुकत नव्हतं. नवऱ्याची दुपारपाळी असायची. तो एक शब्द न बोलता तो भात डब्यात घालून न्यायचा. मुलगी मात्र एकदा ओट्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आजी नाहीये." मी म्हटलं, मला माहीत आहे. "मग भात?" मी म्हटलं, तांदूळ आपलेच आहेत. तिने लॅबच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी मला चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, "जाऊन तर या. तुम्ही लोकांना सांगता ना, एक टोचणार आणि संपलं. तसंच."

कुणाच्या घरी पहिल्यांदा रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्या माहेरच्या वाडीत लहानपणीच अंगात भिनवतात. मी नारळाच्या वड्यांचा डबा नेला. बाईंनी तो हातात घेतला नाही. बाहेर विहिरीच्या कठड्यावर ठेवायला सांगितला आणि वर म्हणाल्या, जाताना आठवणीने घेऊन जा. मनात पहिला विचार आला तो फार जुन्या काळातला होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही. बाईंनी तो माझ्या तोंडावर वाचला असणार.

"तुमचा डबा घेतला तर मला तो भरून परत द्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही पुन्हा भरून आणाल. माझ्या आईचा आणि शेजारणीचा एक टोप आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून चाळीस वर्षं या घरातून त्या घरात फिरतोय. दोघीही गेल्या. टोप अजून फिरतोय. मूळचा कुणाचा ते आता कुणालाच माहीत नाही. इथे तसं नको. इथे आपल्याला कधीतरी थांबायचंय."

पहिल्याच दिवशी शेवटाची गोष्ट. मला ते पटलं. मीही सुई टोचण्याआधी पेशंटला सगळं सांगून टाकते.

दुसरी गोष्टही त्यांनी त्याच दिवशी सांगितली. बाहेर कुठे दिसलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही. तुम्ही ओळख दाखवलीत तर दाखवेन, नाहीतर नाही. मला ते शहरी नाटक वाटलं. मग एका रविवारी सकाळी मी पाचूबंदरला गेले होते. मासळीचा लिलाव आटपला होता, बायका वाटे मांडून बसल्या होत्या. मी बोंबलांच्या एका वाट्यापाशी वाकले आणि समोरून त्याच वाट्यावर वाकलेल्या बाई. मंगळवारीच मी त्यांच्यासमोर पन्नास मिनिटं बसले होते. बघू तरी, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिले. विजेच्या खांबाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मासेवालीने विचारलं, "आदी कोन आली तुमच्यात?" बाई म्हणाल्या, "त्यांना द्या. मला घाई नाही." "वळखीच्या हायत?" बाईंनी एक बोंबील उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "बाजारात सगळेच ओळखीचे." वाटा मला मिळाला. मंगळवारी मी विचारलं, तुम्हाला मग चांगले मिळाले का बोंबील? त्या म्हणाल्या, "कुठले बोंबील?"

त्यांच्या खोलीत कागदी रुमालांचा खोका नव्हता. खिळ्याला एक मोठा धुतलेला टॉवेल टांगलेला असायचा. त्यांचं म्हणणं, रडायचं तर नीट रडावं आणि मग नळावर जाऊन तोंड धुवावं. कागदाने टिपत टिपत रडलं की निम्मं आतच राहतं. घड्याळही नव्हतं. शेजारच्या वाडीतला पाण्याचा पंप रोज पाच वीसला सुरू व्हायचा आणि तो वाजला की आमची वेळ संपायची. बोलता बोलता वाक्य अर्धं राहिलं तरी बाई उठायच्या. ऐकताना त्यांच्या मांडीवर मोड आलेल्या वालांचं भांडं असायचं. एकेक दाणा अंगठ्याने दाबून सोलत राहायच्या. माझ्यापुढेही एक वाटी सरकवायच्या. हाताला काम असलं की माणूस खोटं कमी बोलतो, असं त्या म्हणायच्या. सुरुवातीला मला वाटलं, ही बाई आपल्याकडून बिरड्याची तयारी करून घेतेय. नंतर लक्षात आलं, मी जे जे खरं बोलले ते सगळं वालांकडे बघून बोलले.

एकदा दुपारीच वीज गेली. पंप वाजलाच नाही. मी बोलत राहिले, बाई सोलत राहिल्या. वाल संपले, अंधारून आलं, तरी मी बोलतच होते. शेवटी त्यांनी विचारलं, "उठायचं कधी, हे तुम्हाला कसं कळतं?" मी म्हटलं, तुम्ही उठता ना. "आणि घरी?" मी म्हटलं, घरी काम संपलं की. "संपतं?" मला त्या वेळी तो प्रश्न उगाचच वाटला. मी डास चावतायत म्हणाले आणि निघाले.

भाताचं काय झालं ते सांगते. आठव्या की नवव्या भेटीत त्यांनी विचारलं, त्या भाताची चव कशी असते. मला सांगता येईना. मी म्हटलं, मऊ असतो. "चव विचारतेय." मी एक वाल सोलला. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं आणि वर आठ महिने. एकदाही चाखला नाहीत?" मी म्हटलं, आईचा भात होता. त्यांनी सांगितलं, पुढच्या मंगळवारी तस्साच करून घेऊन या. विहिरीच्या कठड्यावरून आत आलेला माझा तो एकच डबा.

मी त्यांच्यासमोर दोन चमचे खाल्ले. अळणी होता. ठार अळणी. आईला रक्तदाब होता, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, मी बंद केलं. मी कामात अर्धवटपणा करत नाही. मला वाटलं आता वाईट वाटेल, पण मला राग आला. आईचा राग. सहा वर्षं हे गिळलं आणि एकदा म्हणाली नाही की अगं, चिमूटभर तरी घाल. एवढं बोलायला काय झालं होतं तिला? बाई वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलायला तुम्ही समोर बसायला हवं होतं."

मी समोर बसायचे. भरवताना समोरच असायचे. एक हात चमच्यावर, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये उद्याच्या घरांची यादी. ते मी बाईंना सांगितलं, आणि ते सांगितल्यावर जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. शेवटच्या सकाळी आई म्हणाली होती, जरा बस गं. मी बूट घालत होते. मी म्हटलं, तीन घरं करून आलेच. तीन घरं केली. रक्त नीट मिळालं, एकालाही दोनदा टोचावं लागलं नाही. परत आले तेव्हा आई गेलेली होती.

त्या दिवशी टॉवेल वापरला. नळावर तोंडही धुतलं.

भात एकदम बंद नाही झाला. आधी आठवड्यातून तीनदा, मग फक्त रविवारी, मग नाही. नवऱ्यापाशी मी कबूल केलं की आपण आठ महिने त्याला अळणी खायला घातलं. तो म्हणाला, "ठाऊक आहे. मी लोणचं न्यायचो."

म्हणजे मी बरी झाले. मला जायला लागून तेव्हा सात महिने झाले होते. त्यानंतर मी आणखी दीड वर्ष जात राहिले.

का, असं कुणी विचारेल. मी स्वतःला अनेकदा विचारलंय. एक तर बाईंना काय वाटेल, हा प्रश्न होता. एवढं केलं त्यांनी आपल्यासाठी आणि काम झाल्यावर पाठ फिरवायची, हे बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे मंगळवार होता. मंगळवारी चारला मी स्कूटर घेऊन पश्चिमेला जाते, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, माझ्या स्कूटरलासुद्धा. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. रेल्वेचा पूल चढताना मी आज काय सांगायचं याचा विचार करायची, पाहुण्यांकडे जाताना काय न्यावं याचा करतात तसा. डबा चालत नव्हता, म्हणून मी दुखणी न्यायला लागले.

आधी माझीच जुनी, पुसून पुसून. कॉलेजातली एक मैत्रीण, शाळेतल्या एक मास्तरीणबाई. ती संपल्यावर मी जावेचं एक नेलं. सासूबाईंनी एका गणपतीत चारचौघांत तिचा अपमान केला होता. तो तिच्या मनातून जात नाही, स्वयंपाक करताना हात थरथरतात, वगैरे. ते मी स्वतःचं म्हणून सांगितलं. चांगलं रंगवून सांगितलं, हातही थोडे थरथरवले. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग भांडं खाली ठेवलं.

"हे दुखणं तुमच्या मापाचं नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचं आणलंत?"

मी म्हटलं, जावेचं.

"परत देऊन या."

मी हसले. त्याही हसल्या. पण स्कूटरवर बसल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नाशीला आलेली बाई, वीस वर्षं लोकांच्या शिरा शोधते, आणि मंगळवारची वेळ भरून काढायला जावेचा अपमान उसना नेते. ठरवलं, आता बंद.

बंद कसं करायचं, हा पुढचा प्रश्न. आपण दूधवाला बदलतो तेव्हा त्याला तोंडावर सांगत नाही. आठ दिवस गावाला जातोय म्हणून सांगतो आणि नवव्या दिवशी दुसऱ्याकडून घेतो. मीही तेच केलं. पहिल्या मंगळवारी मेसेज टाकला, पाहुणे आलेत. दुसऱ्या मंगळवारी सोसायटीची टाकी धुवायची होती. तिसऱ्या मंगळवारी मला ताप आला. तिन्ही वेळा बाईंचं एका शब्दाचं उत्तर आलं, "बरं." मला वाटलं, जमलं. आणखी दोन मेसेज, की झालं.

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

"ताप उतरला?"

"उतरला."

"टाकी धुतली?"

"धुतली."

"पाहुणे गेले?"

‘गेले’ माझ्या तोंडाशी आलं होतं.

"पळायचं असेल तर खुशाल पळा," बाई म्हणाल्या. "पण दारातून पळा." मग म्हणाल्या, "तीन मंगळवार तुम्ही तीन घरं करताय."

त्या वेळी मी नालासोपाऱ्यातच एका इमारतीच्या जिन्यात उभी होते, खांद्याला पेटी, वर चौथ्या मजल्यावर उपाशीपोटी बसलेला पेशंट. मी पायरीवर बसले. पेशंटला पाच मिनिटं उशीर झाला. माझ्या नोकरीत तेवढी एकच वेळ.

पुढच्या मंगळवारी गेले. बाईंनी बोल लावला नाही. वालाचं भांडं घेतलं आणि विचारलं, "सुई कशी काढता?"

मी म्हटलं, म्हणजे?

"टोचायची कशी ते मला माहीत आहे. ते सगळ्यांना दिसतं. काढता कशी ते सांगा."

कामाचं कुणी विचारलं की मला बोलायला आवडतं. मी सांगितलं. दंडाला पट्टा बांधलेला असतो, त्याने शीर वर आलेली असते. रक्त घेऊन झालं की आधी पट्टा सोडायचा. मग शिरेवर कापूस ठेवायचा आणि सुई सरळ, आली त्याच वाटेने बाहेर काढायची. मग दाबून धरायचं. नवी मुलं इथेच चुकतात. रक्त मिळालं या आनंदात पट्टा तसाच ठेवून सुई ओढतात. आतला दाब कायम असतो, मग रक्त आतल्या आत पसरतं आणि हातावर काळानिळा डाग पडतो. टोचताना चांगलं टोचलेलं असतं, पण पेशंट आठवडाभर तो डागच लोकांना दाखवत फिरतो. आणि पेशंट चुकतात ते हात दुमडून. कापूस ठेवला की कोपरातून हात मिटून घेतात, त्यांना वाटतं झालं. हात सरळ ठेवून वरून दाबायचं असतं.

बाईंचे हात थांबले होते. भांडं मांडीवर असताना मी ते थांबलेले कधी पाहिले नव्हते.

"मग आपलं उलटं चाललंय," त्या म्हणाल्या. "पट्टा बांधलेलाच आहे आणि तुम्ही सुई उपटताय."

मी म्हटलं, मग काय करायचं?

"पट्टा सोडू."

पट्टा सोडायला चार महिने लागले. आधी एक मंगळवार सोडून एक, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी शेवटचं. पहिल्या मोकळ्या मंगळवारी चारला मी घरात उभी राहिले आणि काय करावं ते कळेना. खाली जाऊन स्कूटर धुतली. पंधरा दिवसांनी पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा मुलगी म्हणाली, तिचा रंग जाईल आता, चल चहा पिऊ. आम्ही चहा प्यायलो. चौथ्यांदा मी विसरले की मंगळवार आहे.

शेवटच्या वेळी बाईंनी मला गुरुवारी बोलावलं. मंगळवारची माझी वेळ त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली होती. मी फाटक उघडलं तर बहीण ओरडली, "गुरुवार आली." ते शब्द चांगलेच टोचले. इतके दिवस मी घरचीच असल्यासारखी येत होते आणि माझा वार बिनबोभाट दुसऱ्याच्या नावावर झाला होता. खोलीत जाऊन मी बाईंना ते सांगितलंही. त्या म्हणाल्या, "छान. अजून एक सांगा."

ही त्यांची रीत होती. निघणाऱ्या प्रत्येकाकडून त्या स्वतःबद्दलची एक तक्रार मागून घ्यायच्या. त्यांच्या हिशेबाने फक्त गोड बोलून निघालेला माणूस खरा निघालेलाच नसतो. मी आधी टाळलं. खुर्ची टोचते म्हटलं. "ती खुर्चीची तक्रार झाली. माझी सांगा." मग मी वालाची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे बघून विचारलं, "मी बरी झाल्याचं तुम्हाला वर्षभर आधीच कळलं होतं. मग मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनीही वालाचं भांडं बाजूला ठेवलं.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी म्हटलं, तुमचं तुम्हाला कळू दे. ते ठीक होतं, दोन-तीन महिने. पुढचं ठीक नव्हतं. मंगळवारी तुम्ही येता, लोकांच्या गमती सांगता, वाल निम्मे सोलून होतात. मलाही मंगळवार आवडायला लागला होता. ती चूक माझी. तुमची नाही."

मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या माणसांना चुका करताना पाहिलंय. त्या मान्य करताना पाहिलेली ही एकटीच. त्यांनी माझ्यासाठी जे जे केलं त्यात हे मी सगळ्यात वर ठेवते. टॉवेल, भात, सगळं याच्या खाली. आपण कुणालातरी सोडून जातोय आणि तो माणूस आपल्याला दोष न देता, पाय न धरता, खरं सांगतोय की मलाही जड जाईल, पण जा. आईच्या वेळी मला हे बघायला मिळालं नव्हतं. मी थांबलेच नव्हते.

पंप वाजला. आम्ही दोघी उठलो. त्या दिवशी बाई फाटकापर्यंत आल्या, एरवी यायच्या नाहीत. मी बाहेर पडले आणि त्यांनी आतून कडी घातली. कडीचा आवाज मला नीट ऐकू आला. वाईट नाही वाटला.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. मध्ये दोनदा त्या मला बाजारात दिसल्या. एकदा मी ओळख दाखवली, तर माझ्या हातातली भाजी बघून मेथी जून आहे म्हणाल्या. एकदा मला घाई होती, मी दाखवली नाही, त्यांनीही नाही. दोन्ही वेळा बरंच वाटलं.

परवाच्या शनिवारी लॅबच्या यादीत तिसरा पत्ता त्यांचा होता. बाई ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, उपाशीपोटी, बाही वर करून तयार. फार वाळल्या होत्या. बहिणीने मला बघितलं, ओळखलं आणि म्हणाली, "लॅबच्या आल्या." तीही त्याच घरातली.

आमचा एक नियम आहे. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, पेशंटच्या तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचं. मी विचारलं. बाईंनी परक्याला सांगावं तसं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय असं सगळं नीट सांगितलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ऐकलं. ते इथे लिहीत नाही. त्यांच्या वहीत माझं नव्हतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही विचारलं. चालू होती. त्यांचा दंड माझ्या हातात आला, पट्ट्याचा आणखी एक वेढा बसेल इतका बारीक. आणि माझ्या डोक्याने लगेच मांडणी सुरू केली. डब्यात मऊ भात, या वेळी चिमूटभर मीठ घालून. सकाळची घरं संपवून अकरापर्यंत इथे पोहोचता येईल, पूल मोकळा असतो त्या वेळी. मंगळवारीच का, रोजही जमेल. पट्टा बांधून होईपर्यंत मनातल्या मनात माझे तांदूळ धुऊन झाले होते.

"बाई, मूठ आवळा," मी म्हटलं.

त्यांनी आवळली. मग मान वर करून म्हणाल्या, "मंगळवार."

"आज शनिवार आहे."

"तेवढं कळतं मला."

शीर बारीक होती, पण सापडली. दोन ट्यूब भरल्या. पट्टा सोडला, कापूस ठेवला, सुई काढली. बाईंनी सगळ्यांसारखाच कोपरातून हात मिटायला घेतला.

"दुमडू नका. सरळ ठेवा, मी दाबून धरते."

"किती वेळ?"

"गोळी चालू आहे ना. पाच मिनिटं."

"अजून किती घरं आहेत?"

"दोन."

"मग जा तुम्ही. ही धरेल," त्यांनी बहिणीकडे हात केला.

"नाही. बसते," मी म्हटलं.

बहिणीने स्टूल आणून दिलं. मी बसले, अंगठा कापसावर ठेवून. फोन पेटीत होता, तो पेटीतच वाजला आणि थांबला. वाडीत कुठेतरी नारळाचा झाप पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मी बरी आहे. त्यांनी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, दिसतंय. भाताचं मी बोलले नाही. बहीण मागे उभी होती, तिचे हात पिठाचे होते, आतून भाकरीचा वास येत होता. या घरात माणसं होती आणि जेवण होत होतं.

पाच मिनिटांनी कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं. बाईंनी मान वाकवून स्वतःचा हात बघितला.

"डाग पडेल?"

"नाही पडणार. पट्टा आधी सोडलाय."

चहा टाकू का, बहिणीने विचारलं. दोन माणसं उपाशीपोटी माझी वाट बघत होती. मी नको म्हटलं, पेटी उचलली आणि उठले. फाटकाशी जाऊन मागे पाहिलं तर बाई हात सरळ ठेवूनच बसल्या होत्या, मी सांगितलं होतं तसा.

या वेळी फाटक मी लावलं.